एकट्यानं भारी, ग्रुपमध्ये फुसका: तिरंदाजाचं नेमकं काय चुकतं?

मित्रा, तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑनलाइन गेममध्ये तिरंदाज घेतलास, एकट्यानं फिरताना वाटेत आलं ते सगळं लोळवलंस, धनुष्यही लेव्हलच्या मानानं चांगलं मिळालं. पण पाच जणांच्या डंजनमध्ये (राक्षसांनी भरलेल्या बंदिस्त जागेत) गेलास की एक तर सगळ्यात आधी तूच मरतोस, नाही तर शेवटी डॅमेजच्या यादीत टँकच्याही (पुढे राहून मार झेलणाऱ्याच्याही) खाली तुझं नाव दिसतं. कुणीतरी सांगितलं धनुष्य बदल. ते बदललंस, तरी फरक पडला नाही.

गेमचं नाव तू लिहिलेलं नाहीस. म्हणून मी ज्या गेममध्ये तिरंदाज घेऊन वर्षं घालवली त्यांतलीच उदाहरणं देतो: वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा हंटर (मुख्यतः जुना, क्लासिक), फायनल फँटसी १४ मधला आर्चर, म्हणजे लेव्हल ३० नंतरचा बार्ड, रॅग्नारॉक ऑनलाइनचा आर्चर आणि थोडाफार गिल्ड वॉर्स २ चा रेंजर. बटणांची नावं बदलतात, दुखणं सगळीकडे सारखंच असतं.

तुझ्या लिहिण्यात एक वाक्य आहे, "मी कायम लांब उभा राहतो, तरी मरतो." खोट तिथंच आहे. लांब उभं राहणं हे तू संरक्षण समजतोयस. तिरंदाजाला गेम जे अंतर देतो ते खर्च करायचं भांडवल असतं. शत्रू तुझ्यापर्यंत पोचायला जितके सेकंद घेतो तितके सेकंद तुला फुकट बाण मारता येतात, एवढाच त्याचा अर्थ. ते सेकंद तू बाणांत बदललेस तर कमाई. नुसता लांब उभा राहून कॅमेरा फिरवत बसलास किंवा घाबरून पळत राहिलास तर भांडवल तसंच विरघळून गेलं.

आकड्यांत सांगतो, म्हणजे पटेल. वॉरक्राफ्टमध्ये पायी धावण्याचा वेग सेकंदाला ७ यार्ड. क्लासिक हंटरचा पल्ला ३५ यार्ड, हॉक आय टॅलेंट पूर्ण भरला तर ४१. म्हणजे तुझ्याच वेगानं धावणारा शत्रू ३५ यार्डांवरून अंगावर यायला ५ सेकंद लागतात. तुझं धनुष्य दर ३ सेकंदांनी बाण सोडत असेल तर त्या ५ सेकंदांत ऑटो शॉटचे (आपोआप सुटणारे) जेमतेम दोन बाण बसणार. बस, एवढीच तुझी मिळकत. बाकी जे काही करायचं ते हे ५ सेकंद ताणण्यासाठी.

आता त्यात कन्कसिव्ह शॉट आणू. तो ४ सेकंदांसाठी शत्रूचा वेग निम्मा करतो. तू जागेवर उभा राहून मारत राहिलास तर त्या ४ सेकंदांत शत्रू २८ ऐवजी १४ यार्ड जवळ येतो. त्याच ४ सेकंदांत तू पाठ फिरवून पळालास तर तो १४ यार्ड मागे पडतो. दोन्हींतला फरक २८ यार्डांचा, म्हणजे त्याच्या पूर्ण वेगाचे ४ सेकंद. ऐकायला मस्त वाटतं. पण पळताना ते ४ सेकंद तुझ्या हातून एकही बाण सुटला नसेल, तर ४ कमावले आणि ४ घालवले, हातात शून्य. नवे तिरंदाज इथंच फसतात. काइटिंग, म्हणजे शत्रूला लांब ठेवून मारणं, करतोय असं वाटतं, आणि प्रत्यक्षात नुसता शत्रूला मैदानभर फिरवून आणणं चालू असतं.

म्हणून काइटिंग शिकायचं तर पळायला नको शिकूस, पळता पळता मारायला शिक. क्लासिक हंटरच्या ऑटो शॉटची एक खुबी आहे. बाण सुटायच्या आधीचा सुमारे अर्धा सेकंद तुला स्थिर उभं राहावं लागतं, बाकीच्या वेळात तू कितीही हललास तरी त्याचं घड्याळ चालूच राहतं. ३ सेकंदांचं धनुष्य असेल तर अडीच सेकंद तुझे पाय मोकळे. थांब, सोड, सरक. पुन्हा थांब, सोड, सरक. हा ठेका हातात बसला की कळतं, जुने हंटर संथ धनुष्यावर इतका जीव का टाकतात. दोन बाणांच्या मधे चालायला जागा जास्त मिळते. भरभर बाण सोडणारं धनुष्य कागदावर तेवढंच डॅमेज दाखवत असलं तरी तुला सारखं थांबायला लावतं.

दुसरी युक्ती उडीची. पळता पळता उडी मारायची, हवेत असताना माउसनं गर्रकन मागे वळायचं, आर्केन शॉटसारखा लगेच सुटणारा बाण मारायचा आणि जमिनीवर टेकायच्या आत पुन्हा तोंड पुढे करायचं. उडीत तुझा वेग आणि दिशा तीच राहते, त्यामुळे एक पाऊलही वाया जात नाही. पहिले दोन दिवस तू झाडावर आपटशील. मी तर कड्यावरून खाली गेलो होतो. आठवडाभरानं बोटं आपोआप करतात.

यासाठी एक अट आहे, वळणं माउसनं व्हायला हवं. कीबोर्डच्या बटणांनी वळणारा तिरंदाज मला दुरूनच ओळखू येतो. त्याहून वाईट सवय म्हणजे शत्रूकडे तोंड ठेवून मागे मागे चालणं. वॉरक्राफ्टमध्ये मागे चालण्याचा वेग सेकंदाला ४.५ यार्ड आहे आणि समोरचा ७ नं येतोय. मागं सरकताना आपण अंतर राखतोय असं डोळ्यांना वाटतं, पण दर सेकंदाला अडीच यार्ड हरत असतोस. मागे चालण्याचं बटणच काढून टाक आणि त्या जागी एखादा बाण बसव. सांगणाऱ्यानं मला हे सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. नंतर दोन महिन्यांनी केलं, आणि ते दोन महिने वाया गेल्याचं अजून वाटतं.

जुन्या हंटरला आणखी एक शाप होता. २००४ च्या मूळ आवृत्तीत धनुष्य ८ यार्डांच्या आत चालत नसे आणि तलवार किंवा भाला ५ यार्डांच्या पुढे पोचत नसे. मधल्या तीन यार्डांत हंटर हात बांधल्यासारखा उभा. यालाच डेड झोन म्हणायचे. समोरचा खेळाडू हुशार असेल तर मुद्दाम तिथंच चिकटून राहायचा. पुढे ही अडचण कमी करत नेली आणि २०१२ मध्ये किमान अंतराची अटच काढली. पण क्लासिक खेळत असशील तर ती अजून आहे. तिथं अर्धवट मागं सरकू नकोस. एक तर विंग क्लिप मारून त्याचे पाय जड कर आणि सरळ पाठ फिरवून निघ, नाही तर चक्क अंगावर जाऊन भाल्यानं लढ. मधे लटकणं सगळ्यात महाग पडतं.

हे झालं एकट्याचं. ते तुला बऱ्यापैकी येतं असं दिसतंय, मग ग्रुपमध्ये काय बिनसतं?

ग्रुपमध्ये अंतर राखायचं काम तुझ्याकडून टँकनं काढून घेतलेलं असतं. शत्रू त्याच्यापाशी उभा आहे, तुझ्याकडे येतच नाहीये. म्हणजे एकट्यानं खेळताना कमावलेली जवळजवळ सगळी कला बिनकामाची, आणि उरतं काय, तर न थांबता मारत राहणं. एकट्यानं खेळून तयार झालेल्या तिरंदाजाला बरोबर हेच जमत नाही. त्याला दोन बाण मारून हलायची सवय असते. शत्रू स्थिर आहे, तरी हा आपला नाचतोय. प्रत्येक नाचात एखादा एम्ड शॉट तुटतो. क्लासिकमध्ये तो ३ सेकंद ताणावा लागतो, आणि अडीच सेकंद ताणून पाय हलला की सगळं पाण्यात.

फायनल फँटसी १४ चा बार्ड याच्या उलट बाजूनं मार खातो. त्याच्या बाणांना ताणायचा वेळ नाही, सगळे धावता धावता सुटतात. (२०१५ च्या विस्तारात वॉन्डरर्स मिन्युएट चालू केलं की बाण ताणावे लागत. उभं राहून मारणारा बार्ड, ही कल्पना खेळाडूंना काही रुचली नाही. २०१७ च्या विस्तारात ते गेलं. मला स्वतःला ते आवडायचं, पण माझ्यासारखे थोडे.) धावता येतं म्हणून बार्ड धावत राहतो, आणि धावताना बटण दाबायला विसरतो. तिथं दोन मुख्य हल्ल्यांमधलं अंतर मुळात २.५ सेकंद. तीन मिनिटांची लढाई म्हणजे १८० सेकंद, म्हणजे ७२ हल्ले. आर्मीज पीऑन गाण्यामुळे वेग वाढतो तेव्हा थोडे जास्तच. लढाई संपल्यावर हल्ले मोज. ५८ भरले तर तुझे १४ बाण भात्यातच राहिले, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. कुठलंही नवं धनुष्य एवढी भर घालणार नाही. "धनुष्य बदल" या सल्ल्याचा मला राग येतो तो यासाठी.

बार्डचं बाकीचं गणितही वेळेचंच आहे, आणि ते मला फार देखणं वाटतं. दोन विषारी बाण, स्टॉर्मबाइट आणि कॉस्टिक बाइट, प्रत्येकी ४५ सेकंद टिकतात, आणि आयर्न जॉज हा एकच बाण दोघांचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. गाणी तीन, प्रत्येक ४५ सेकंदांचं, म्हणजे १३५. पण प्रत्येक गाणं १२० सेकंदांनी पुन्हा तयार होतं. म्हणजे एका गाण्याला कात्री लावावीच लागते, आणि ती बहुतेक वेळा आर्मीज पीऑनला लागते, कारण तिघांत तेच कमी देतं. नवे लोक तिन्ही गाणी पूर्ण वाजवतात. मग फेरी हळूहळू मागे सरकत जाते. २०२१ पासून सगळ्या ग्रुपचे मोठे बफ (थोड्या वेळापुरती ताकद वाढवणारे मंत्र) साधारण दोन-दोन मिनिटांवर जुळतात, तिथं तुझं मिन्युएटचं गाणं १५ सेकंद उशिरा येतं, पुढच्या वेळी ३० सेकंद. आणखी एक बारकावा म्हणजे विष लावतानाच्या क्षणी तुझ्यावर जे बफ असतील ते त्या विषाला शेवटपर्यंत चिकटून राहतात. म्हणून रेजिंग स्ट्राइक्स हा बफ संपायच्या शेवटच्या एक-दोन सेकंदांत आयर्न जॉज मारायचा, भले विषाचे २० सेकंद शिल्लक असोत. अनुभवी बार्ड आणि नवा बार्ड यांच्या हातात तेच धनुष्य असलं तरी फरक दिसतो तो इथं.

आता तू मरतोस का, त्याकडे येतो. बहुतेक वेळा अॅग्रो, म्हणजे शत्रूचा राग तुझ्यावर वळणं.

वॉरक्राफ्टमध्ये शत्रू कुणावर किती चिडलाय याचा हिशेब ठेवला जातो. टँकचा राग १००० असेल तर जवळून लढणाऱ्यानं तो ११० टक्क्यांच्या पुढे नेला की शत्रू वळतो. लांबून मारणाऱ्याला १३० टक्क्यांची मुभा आहे. म्हणजे तुला ३० टक्क्यांची गादी दिलेली आहे. लढाईच्या मध्यावर ही गादी भरपूर होते. पहिल्या तीन सेकंदांत मात्र ती कागदाएवढी पातळ असते, कारण टँकचा आकडाच लहान असतो. आणि तिरंदाज काय करतो? एकट्यानं खेळायच्या सवयीनं सगळ्यात मोठा बाण पहिल्यांदा सोडतो. क्रिट (नेहमीपेक्षा जास्त लागणारा फटका) बसतो, शत्रू वळतो. टँकला दोन-तीन हल्ले करू दे. तेवढ्यात विषारी बाण, खुणेचा बाण, जे हळूहळू चावतं ते लाव, आणि मोठा बाण चौथ्या सेकंदाला ठेव.

फेन डेथ, म्हणजे मेल्याचं सोंग, हे राग शून्यावर आणायचं हंटरचं हत्यार. लोक ते शत्रू अंगावर आल्यावर वापरतात. तेव्हाही चालतं, पण ते कधीकधी फसतं, आणि अंगावर आलेला असताना फसलं तर संपलंच. रागाचा मीटर ११५ च्या आसपास दिसला की आधीच पड, दुसऱ्या क्षणी ऊठ, मार. २००७ मध्ये आलेलं मिसडायरेक्शन तर अजून गोड आहे. तुझ्या पुढच्या तीन हल्ल्यांचा राग टँकच्या नावावर जमा. ते असेल तर लढाईची सुरुवात तूच करायची. असं करणाऱ्या हंटरला टँक कधी विसरत नाही.

आणि समज, एवढं सगळं करूनही शत्रू वळलाच. मग कुठं पळशील? तू लिहिलंयस, "मी मागे पळतो." एकट्यानं खेळताना ते बरोबर. ग्रुपमध्ये ती आत्महत्या, आणि सोबत हीलरचीही (ग्रुपला बरं करणाऱ्याचीही). तू मागे पळालास की टँकला तुमच्या दोघांच्या मागं धावावं लागतं, हीलरचा पल्ला तुटतो, आणि मागच्या खोलीतले न छेडलेले शत्रू जागे होतात. अॅग्रो ओढलास तर टँककडे पळ. त्याच्या अंगावरून पलीकडे जा, म्हणजे शत्रू त्याच्या हाताखालून जाईल. पहिल्यांदा हे करताना पाय वळत नाहीत, कारण सगळं अंग उलट सांगत असतं. मला वाटतं, तिरंदाज ग्रुपचा झाला की नाही हे याच एका धावेत कळतं.

उभं कुठं राहायचं यावरही लोक विचार करत नाहीत. "कमाल पल्ल्यावर" हे उत्तर अर्धंच आहे. वॉरक्राफ्टमध्ये बरे करायच्या मंत्रांचा पल्ला साधारण ४० यार्ड. हीलर बॉसच्या त्या बाजूला २० यार्डांवर आणि तू या बाजूला ३५ यार्डांवर, म्हणजे मधे ५५. तू मरताना तो बिचारा "पल्ल्याबाहेर" अशी लाल अक्षरं बघत असतो, आणि नंतर तू म्हणतोस हीलर झोपला होता. आधी हीलर कुठे आहे ते बघ, मग आपली जागा ठरव. गिल्ड वॉर्स २ मध्ये तर ही ओढाताण फारच मजेशीर आहे. तिथं लाँगबोचा पहिला बाण जितका लांबून तितका जास्त लागतो, म्हणजे गेमच तुला लांब ढकलतो. पण ग्रुपचे बफ जवळच्या पाच जणांवरच पडतात. सगळे बॉसच्या पायाशी गोळा झालेले, आणि एक रेंजर टोकाला एकटा, ना ताकद ना मलमपट्टी. बहुतेक लढायांत पाचांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिलेला रेंजर टोकावरच्या रेंजरला मागे टाकतो.

त्याच धनुष्याचा चौथा बाण, पॉइंट ब्लँक शॉट, शत्रूला मागे ढकलतो. एकट्याला वरदानच. ग्रुपमध्ये मात्र सगळ्यांनी मिळून शत्रू एका जागी गोळा केलेत, वरून आगीचा पाऊस सुरू झालाय, आणि तू त्यातला एक उचलून लांब भिरकावून दिलास. शिव्या मिळतात, आणि त्या रास्त असतात. ढकलणारी, घाबरवणारी, शत्रूला विखुरणारी जी जी बटणं असतील ती ग्रुपमध्ये वेगळ्या कोपऱ्यात ठेव. सवयीनं बोट तिथं जाऊ नये.

पाळीव प्राणी असेल तर दोन गोष्टी. डंजनमध्ये त्याचं ग्राउल (शत्रूचा राग स्वतःवर ओढणारी गुरगुर) बंद कर, नाही तर तो टँकशी भांडत बसतो. आणि उंचावरून उडी मारायच्या आधी त्याला परत पाठव. तू उडी मारून दोन सेकंदांत खाली, तो मात्र जिन्यानं, मधल्या प्रत्येक दालनातून, सगळ्यांना उठवत येतो. माझ्या अस्वलानं एकदा अशी पंधरा-वीस जणांची वरात आणली होती. सगळे मेले, फक्त मी सोंग घेऊन पडल्यामुळे वाचलो, आणि त्यामुळे लोकांचा राग दुप्पट झाला.

आता ज्याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस ते. डॅमेज सोडून तिरंदाजाकडे एखादं काम असतं जे दुसऱ्या कुणालाच जमत नाही, आणि चांगला ग्रुप तुला त्यासाठी बोलावतो. क्लासिकच्या मोल्टन कोअर या चाळीस जणांच्या मोहिमेत मॅग्मडार नावाचा दुतोंडी कुत्रा आहे. तो मधूनमधून पिसाळतो, आणि ते पिसाळणं ट्रँक्विलायझिंग शॉटनं उतरतं. तो बाण फक्त हंटरकडे, तोही आधीच्या ल्युसिफ्रॉन या बॉसकडून पुस्तक मिळालं तर. बाण पुन्हा तयार व्हायला २० सेकंद, म्हणून हंटर आपापसांत क्रम लावतात. एकदा आमच्याकडे क्रम ठरला होता, तरी मी उतावीळपणे दुसऱ्याच्या पाळीला बाण मारला. दोघांचे बाण एकाच वेळी खर्च झाले. पुढच्या पिसाळण्याला तिसऱ्याची पाळी होती, तो नेमका भीतीच्या मंत्रानं भिंतीकडे पळत होता. टँक दोन फटक्यांत गेला, मागोमाग चाळीसच्या चाळीस जण. त्या रात्री डॅमेजच्या यादीत मी पहिला होतो. कुणी अभिनंदन केलं नाही.

क्लासिकच्या फ्रीझिंग ट्रॅपचंही (शत्रूला गोठवणाऱ्या सापळ्याचंही) तसंच. मूळ खेळात लढाई सुरू असताना सापळा लावता येत नाही, म्हणून आधी मेल्याचं सोंग घ्यायचं, लढाईतून बाहेर पडायचं आणि त्याच क्षणी सापळा टाकायचा. हे सहज जमलं की चार शत्रूंची टोळी तीनची होते. मग सापळ्यातल्या शत्रूला खुणेनं दाखव आणि स्वतः त्याच्यावर मल्टी शॉट (एकदम अनेकांना लागणारा बाण) सांडू देऊ नकोस. सापळा तोडणारा हंटर स्वतःच, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिलंय!

स्टॅटबद्दल (पात्राच्या गुणांच्या आकड्यांबद्दल) थोडक्यात, कारण यावर लोक पानंच्या पानं लिहितात आणि त्यानं तुझा प्रश्न सुटणार नाही. आधी बाण लागला पाहिजे. क्लासिकमध्ये तीन लेव्हल वरच्या बॉसवर हिटचं (नेम न चुकण्याच्या वाढीचं) लक्ष्य ९ टक्के, ते भरलं की मग अॅजिलिटी (चपळाई). त्या पुढची हिट वाया. रॅग्नारॉकमध्ये धनुष्याचा मार ताकदीवर नाही, डेक्सवर (हस्तकौशल्यावर) चालतो. ताकद वाढवून आलेले आर्चर अजूनही दिसतात. तिथं धनुष्यापेक्षा भाता महत्त्वाचा. फायर बाण जमिनीच्या गुणधर्माच्या राक्षसावर दीडपट लागतो आणि आगीच्याच गुणधर्माच्या राक्षसावर पाव. तेच धनुष्य, तोच हात, आणि सहापट फरक. शिवाय मोठ्या आकाराच्या राक्षसावर धनुष्याचा मूळ मार ७५ टक्केच पडतो, हे धरून शिकार निवड. जागचे न हलणारे जिओग्राफरसारखे वनस्पती-राक्षस फायर बाणांनी मारत आर्चर वाढवायची पद्धत जुनी आहे, आणि आळशी असली तरी चांगली आहे.

बाण विकत घ्यावे लागत असतील तर निघायच्या आधी मोज. वॉरक्राफ्टमध्ये २०१० पर्यंत बाण लागायचे, क्लासिकमध्ये अजून लागतात. रेडच्या (मोठ्या ग्रुपच्या मोहिमेच्या) मधोमध भाता रिकामा होणं यासारखी दुसरी लाज नाही. उसने मागायला दुसरा हंटर लागतो, आणि तो मोजून देतो.

पीव्हीपीबद्दल (खेळाडू विरुद्ध खेळाडू लढाईबद्दल) तू एका ओळीत विचारलंयस, मीही दोन-चारच ओळी देतो. तिथं खांब तुझा शत्रू, उघडं मैदान तुझा मित्र. समोरचा खांबामागं गेला तर त्याच्या मागं जाऊ नकोस, बाजूला सरकून कोन बदल. क्लासिकच्या वॉरियरची झेप ८ ते २५ यार्डांत बसते, तेव्हा सुरुवात २५ च्या पलीकडून कर. तो झेपावणारच, म्हणून पायाशी सापळा आधीच असू दे. रोग (Rogue, अदृश्य होऊन येणारा खेळाडू) दिसला नाही म्हणजे नाही असं नसतं, लपलेल्याला उघडं पाडणारा फ्लेअर टाकत राहा.

पिंगचंही बघ. तुझ्या पडद्यावर तू आगीच्या वर्तुळाबाहेर आहेस, पण सर्व्हरला तुझी बातमी उशिरा पोचते. पिंग २०० च्या वर असेल तर शेवटच्या क्षणापर्यंत बाण ताणायचा मोह सोड, अर्धा सेकंद आधी निघ. उलट बाण लवकर दाबायला हरकत नाही. आताच्या वॉरक्राफ्टमध्ये आधीचा हल्ला संपायच्या ४०० मिलिसेकंद आत दाबलेलं बटण रांगेत लागतं आणि वेळ झाली की आपोआप सुटतं. म्हणजे बाण सुटलेला दिसेपर्यंत थांबायचं नाही, आधीच दाबायचं.

पुढच्या डंजनला एकदम सगळं करायला जाऊ नकोस. मागे चालायचं बटण काढ, पहिला मोठा बाण चौथ्या सेकंदापर्यंत रोखून धर, आणि एका तीन मिनिटांच्या लढाईत प्रत्यक्षात किती हल्ले सुटले ते लॉगमध्ये मोज. तो आकडा, गेमचं नाव आणि कुठलं बटण कुठे ठेवलंयस त्याची यादी पाठव. मग धनुष्याचं बघू.